उघड्यावरच्या डेकसाठी रंग निवडताना

डेकला रंग द्यायचे ठरले की बहुतेकांच्या हातात सर्वांत आधी शेडकार्ड येते, आणि माझ्या मते कामाचा क्रम इथेच चुकतो. घराला लागून उघड्यावर बांधलेला लाकडी डेक म्हणजे भिंत नव्हे. ती जमीन आहे, आणि जमीनही अशी की जिच्यावर ऊन थेट पडते, पाणी साचते, खुर्च्यांचे पाय घासले जातात आणि घरातली माणसे अनवाणी वावरतात. भिंतीचा रंग डोळ्यांना आवडला की पुरते. डेकचा रंग डोळ्यांबरोबर पायांनाही सोसवावा लागतो आणि लाकडालाही. म्हणून छटेचा निर्णय शेवटी घ्यावा. लाकूड कोणते आहे व कोणत्या अवस्थेत आहे, त्यावर ऊन किती वेळ असते, घराचे कोणते रंग बदलणार नाहीत आणि दर काही वर्षांनी पुन्हा हात फिरवण्याची आपली तयारी कितपत आहे, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली, तर शेडकार्डावरच्या बहुतेक छटा आपोआप गळून पडतात आणि उरलेल्या दोन-चार छटांमधून निवड करणे अवघड राहत नाही.

आधी पारदर्शकता, मग छटा

डेकसाठी मिळणाऱ्या लेपांची एक उतरंड असते. एका टोकाला रंगहीन सीलर असतो, ज्यातून लाकूड जसेच्या तसे दिसते. त्यानंतर किंचित रंगाचा पारदर्शक स्टेन (लाकडाला रंग देणारा लेप), मग अर्धपारदर्शक, मग दाट आणि अखेरीस अपारदर्शक स्टेन येतो, ज्याखाली लाकडाच्या शिरा झाकल्या जातात आणि केवळ पृष्ठभागाचा पोत जाणवत राहतो. दुसऱ्या टोकाला नेहमीचा पेंट असतो. या उतरंडीवर आपण कुठे उभे राहणार हे ठरल्याशिवाय ‘तपकिरी की राखाडी’ या चर्चेला फारसा अर्थ नसतो, कारण एकाच नावाची छटा अर्धपारदर्शक स्टेनमध्ये आणि अपारदर्शक स्टेनमध्ये अगदी निराळी दिसते.

लेपात रंगद्रव्य जितके जास्त, तितके उन्हापासून संरक्षण अधिक, हे इथले मुख्य सूत्र आहे. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निन या घटकाचे विघटन करतात. सुटा झालेला भाग पाण्याबरोबर धुऊन जातो आणि मागे राहिलेले तंतू करडे, चंदेरी दिसू लागतात. रंगद्रव्याचे कण हे किरण वाटेतच अडवतात. रंगहीन सीलर पाणी अडवतो, पण उन्हाला मात्र फारसा अडवत नाही, त्यामुळे ‘लाकडाचा मूळ रंग कायम राहावा’ म्हणून रंगहीन लेप निवडणाऱ्याचे लाकूड बहुधा सर्वांत आधी करडे पडते. मूळ रंग टिकवायचा असेल तर त्याच्याशी मिळताजुळता, थोडा रंग असलेला स्टेनच घ्यावा लागतो. आणि ज्यांना तो चंदेरी करडेपणाच आवडतो, त्यांनी सागासारख्या टिकाऊ लाकडाला रंग न देता त्याला त्याच्या गतीने करडे होऊ देणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरू शकतो.

पेंटविषयी माझे मत स्पष्ट आहे: चालण्याच्या फळ्यांवर तो शक्यतो टाळावा. पेंट लाकडात मुरत नाही, वर पापुद्रा धरून बसतो. उभ्या पृष्ठभागावरून पाणी निथळून जाते; आडव्या फळीवर ते थांबते, खिळ्यांच्या भोकांतून, भेगांतून आणि फळीच्या कापलेल्या टोकांतून आत शिरते आणि नंतर ऊन पडले की बाहेर पडण्यासाठी त्याच पापुद्र्याला खालून रेटते. लाकूड फुगते-आटते, पापुद्रा तितका ताणला जात नाही, आणि पोपडे निघू लागतात. मुरणारा स्टेन असा सोलून निघत नाही. तो झिजतो, फिका पडतो, आणि त्यावर साफसफाई करून पुन्हा एक हात देता येतो. ज्याला देखभालीची कटकट कमी हवी त्याने ‘जास्त वर्षे टिकणारा’ लेप कोणता, एवढेच विचारू नये. तो खराब कसा होतो आणि खराब झाल्यावर दुरुस्त कसा होतो, हेही विचारावे.

ही उतरंड एका दिशेनेच सोपी आहे, हेही ध्यानात ठेवावे. आज पारदर्शक लेप दिला तर पुढे अर्धपारदर्शक, त्यापुढे अपारदर्शक असे जाता येते. उलट यायचे म्हटले तर जुना लेप रसायनाने काढणे आणि सगळा डेक घासणे याला पर्याय नसतो. फिक्याकडून गडदकडे जाण्याचेही असेच आहे. त्यामुळे लाकूड नवे आणि देखणे असेल, तर पहिल्या खेपेला पारदर्शकतेच्या बाजूने आणि थोडे फिकेच राहणे शहाणपणाचे. लाकूड जुने, डागाळलेले, जागोजागी नव्या फळ्यांचे ठिगळ लावलेले असेल, तर मात्र अपारदर्शक स्टेनच सगळ्याला एकसारखे रूप देऊ शकतो; तिथे शिरा दिसाव्यात हा हट्ट धरला तर दिसतात ती ठिगळेच.

लाकडाचा स्वतःचा रंग

पारदर्शक आणि अर्धपारदर्शक स्टेनमध्ये लाकूडही एक रंग म्हणून मिसळलेले असते, ही गोष्ट शेडकार्ड सांगत नाही. पिवळसर लाकडावर निळसर राखाडी स्टेन दिला की परिणाम हिरवटपणाकडे झुकतो. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेल्या पाइनला सुरुवातीला मुळातच हिरवट झाक असते. त्यावर तांबूस अंगाचा तपकिरी रंग दिला तर तो हिरवटपणा मारला जातो आणि शांत तपकिरी उतरतो, पण राखाडी दिला तर तीच झाक वर येते. सिडार आणि रेडवुड या लाकडांत टॅनिन हे तपकिरी रंग सोडणारे नैसर्गिक द्रव्य भरपूर असते. ते पाण्याबरोबर वर येऊन फिकट अपारदर्शक रंगावर तपकिरी डाग पाडते, म्हणून अशा लाकडावर पांढऱ्याच्या जवळचा रंग हवाच असेल तर टॅनिन अडवणारा प्रायमर आधी द्यावा लागतो. इपेसारख्या अतिशय घट्ट लाकडात स्टेन फार थोडा मुरतो, त्यामुळे तिथे खास घट्ट लाकडासाठी बनवलेला पातळ, तेलाचा लेप घ्यावा आणि रंगाची अपेक्षा माफक ठेवावी.

लाकूड रंग प्यायला तयार आहे की नाही, हे पाहण्यासाठी फळीवर पाण्याचे काही थेंब टाकून पाहावेत. थेंब मण्यांसारखे वरच राहिले, तर लाकूड अजून ओले आहे, किंवा त्यावर जुना लेप तरी आहे किंवा कारखान्यात रंधा मारताना बसलेली चकाकी. पाणी लवकर शोषले गेले तर स्टेनही शोषला जाईल. ही चाचणी रंगनिवडीच्या आधी करावी असे मी म्हणतो, कारण अर्धवट शोषलेला रंग हा आपण निवडलेला रंग नसतोच.

ऊन, उष्णता आणि विटणे

गडद पृष्ठभाग प्रकाश शोषतो आणि तापतो, हे सर्वांना ठाऊक असते, पण किती गडद म्हणजे फार गडद, हे अंदाजाने ठरवले जाते. अनेक शेडकार्डांवर छटेच्या नावाजवळ प्रकाश परावर्तनाचा एक आकडा छापलेला असतो. त्यात ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. दिवसभर ऊन असलेल्या डेकसाठी माझा कल साधारण २५ ते ४५ या टप्प्यातल्या छटांकडे असतो. त्याहून फार खाली गेले तर दुपारी पाय ठेववत नाही, आणि फार वर गेले तर डोळे दिपतात; कोवळ्या उन्हात प्रसन्न वाटणारा जवळजवळ पांढरा डेक भर दुपारी खोलीतूनही बघवत नाही. मात्र हा आकडा केवळ दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास अर्धी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळे सारख्याच गडद दिसणाऱ्या दोन फळ्या उन्हात वेगवेगळ्या तापू शकतात. याची सर्वांत खात्रीची परीक्षा साधीच आहे: नमुन्याच्या फळ्या दुपारी तासभर उन्हात ठेवाव्यात आणि त्यांवर अनवाणी पाय टेकवून पाहावा.

डेकची दिशा इथे महत्त्वाची ठरते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या डेकवर दिवसाचा मोठा भाग ऊन असते आणि घराच्या उत्तरेकडचा डेक बहुतांशी सावलीत राहतो. दक्षिण गोलार्धात हेच उलटे होते. पश्चिमेकडच्या डेकला उतरत्या उन्हाची झळ बसते आणि नेमके त्याच वेळी तिथे बसायचे असते, म्हणून तिथे गडद रंग विशेष विचार करून निवडावा. सावलीतल्या डेकला उष्णतेचा प्रश्न नसतो, पण तिथे प्रकाशच वेगळा असतो. उघड्या आकाशाखालची सावली ही निळ्या आकाशाने उजळलेली असते, त्यामुळे तिथे राखाडी रंग निळा होतो आणि थंड छटा अधिकच थंड वाटतात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दिव्याखाली बसून निवडलेला, कार्डावर अगदी तटस्थ दिसणारा राखाडी रंग घराच्या सावलीच्या बाजूला लावल्यावर शाळेच्या जुन्या बाकासारखा निळसर दिसू लागला, आणि अपारदर्शक असल्यामुळे तो काढण्याचा सोपा मार्गही उरला नाही. सावलीच्या बाजूला थोडा उबदार, मातकट अंगाचा राखाडी घेतला असता तर तोच तिथे तटस्थ दिसला असता.

विटण्याच्या बाबतीत मातीचे रंग सर्वांत भरवशाचे. गेरू, काव, पिवळी माती यांतला रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तो उन्हाने सहसा विटत नाही आणि अतिनील किरणही चांगले अडवतो. म्हणूनच तपकिरी, विटकरी, गेरूच्या आणि मातकट छटा बाहेरच्या लाकडावर वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. त्यामागे केवळ आवड नाही, रसायनही आहे. भडक लाल, जांभळे, चमकदार हिरवे यांत बहुधा सेंद्रिय रंगद्रव्ये वापरलेली असतात आणि त्यांतली अनेक उन्हात लवकर फिकी पडतात, तीही सगळीकडे सारखी नाही: छपराखालचा भाग तसाच राहतो, उघडा भाग उडतो आणि मधोमध सावलीची रेघ कायमची उमटते. भडक रंगाची हौस असेल तर ती उशांवर आणि कुंड्यांवर भागवावी. त्या बदलता येतात.

घराशी मेळ

आता घराकडे वळावे. छप्पर, दगडी किंवा विटांचे काम, खिडक्यांच्या चौकटी या गोष्टी डेकसाठी कोणी बदलत नाही, म्हणून रंग त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा. प्रत्येक तटस्थ वाटणाऱ्या रंगाच्या पोटात एक दुसरा रंग दडलेला असतो: राखाडीच्या पोटात निळा, हिरवा किंवा जांभळा, तपकिरीच्या पोटात लाल किंवा पिवळा. तो ओळखण्यासाठी छटेचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि शेजारी त्याच जातीच्या आणखी दोन-तीन छटा ठेवाव्यात. एकटा असताना लपलेला रंग शेजारी आल्यावर लगेच उघडा पडतो. घराच्या दगडात पिवळसरपणा असेल तर डेकच्या पोटातही उबदार रंग असावा, नाहीतर दोघे एकमेकांना मळके ठरवतात.

शेजारचा रंग आपल्या रंगाला कसा बदलतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास १९व्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांनी केला. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असताना काळा धागा निस्तेज दिसतो अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या, आणि तपास केल्यावर दोष रंगाईत नसून शेजारी विणलेल्या रंगांत असल्याचे त्यांना आढळले. डेकवर हाच नियम रोज दिसतो. लाल विटांच्या भिंतीलगत राखाडी डेक हिरवट वाटतो, आणि तोच डेक हिरव्या हिरवळीच्या मधोमध किंचित गुलाबीकडे झुकतो. म्हणूनच छटेचा निर्णय दुकानात नव्हे, त्या भिंतीलगत आणि त्या हिरवळीच्या कडेला उभे राहून घ्यावा.

काचेच्या दारातून खोलीची जमीन आणि डेक एकत्र दिसत असतील तर तिथे एक सापळा असतो. दोन्ही एकाच रंगाच्या वाटल्या की खोली बाहेरपर्यंत पसरल्यासारखी दिसते, हे खरे. पण जवळजवळ सारखे आणि तरी थोडेसे वेगळे असे दोन तपकिरी रंग शेजारी आले की ती चूक वाटते. एक तर अगदी जुळवावे, नाहीतर दोन-तीन पायऱ्या गडद किंवा फिके असे स्पष्ट वेगळे ठेवावे.

कठड्याला वेगळा विचार लावता येतो. तो उभा असल्याने तिथे पाणी साचत नाही आणि पेंटही चालतो. पांढरा कठडा नजर स्वतःवर थांबवतो. गडद, विशेषतः काळपट कठडा नजरेसमोरून मागे सरतो आणि पलीकडचे दृश्य मोकळे दिसते. बाहेर पाहण्यासारखे काही असेल तर कठडा गडद ठेवावा, शेजारच्या घराची मागची भिंतच दिसत असेल तर फिका. लहान डेक फिक्या, एकाच रंगात मोठा वाटतो; मोठा आणि ओकाबोका डेक असेल तर कडेने एक-दोन फळ्यांची गडद किनार त्याला आकार देते.

पायऱ्यांबाबत मात्र सौंदर्यापेक्षा सुरक्षितता पुढे ठेवावी. सगळे एकाच रंगात रंगवले की संध्याकाळी पायरीची कड दिसत नाही. ब्रिटनमध्ये सर्वांना वापरता येतील अशा इमारतींच्या मार्गदर्शनात शेजारच्या पृष्ठभागांत प्रकाश परावर्तनाच्या ३० अंकांचा फरक असावा असे सुचवले जाते, आणि पायरीच्या कडेची पट्टी रंगवताना तोच आकडा घरीही उपयोगी पडतो. चकचकीत लेप ओला झाल्यावर निसरडा होतो, म्हणून फळ्यांवर मॅट आणि पायऱ्यांवर खरखरीत कण मिसळलेला लेप घ्यावा.

मळाबद्दल थोडक्यात सांगायचे तर अति गडद रंगावर धूळ आणि परागकण दिसतात, अति फिक्यावर चिखल आणि ओल्या पानांचे डाग. मधल्या छटा आणि दिसणाऱ्या शिरा दोन्ही पोटात घेतात. झाडाखालच्या डेकसाठी हे कारण एकटेही पुरेसे आहे.

नमुना करून पाहणे

दोन किंवा तीन छटा उरल्या की नमुना करावा, आणि तो खऱ्या लाकडावरच करावा. डेकच्या उरलेल्या फळीचा तुकडा उत्तम. नसेल तर पायऱ्यांच्या मागची किंवा कोपऱ्यातली न दिसणारी जागा चालेल. नमुना तळहाताएवढा नको, निदान हातभर लांबीचा हवा, कारण रंग लहान तुकड्यावर दिसतो त्यापेक्षा मोठ्या पृष्ठभागावर सहसा उजळ आणि अधिक ठसठशीत वाटतो. नमुन्याची तयारी प्रत्यक्ष कामासारखीच असावी. बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेले लाकूड कमी रंग पिते आणि फिके दिसते, म्हणून डेक ६० किंवा ८० नंबरच्या कागदाने घासणार असाल तर नमुनाही त्यानेच घासावा. डबा तळापासून ढवळावा, नाहीतर रंगद्रव्य खाली बसून राहते आणि नमुना फसवा निघतो. जितके हात देणार तितकेच नमुन्यावर द्यावेत, शिवाय एका तुकड्यावर एक आणि दुसऱ्यावर दोन हात देऊन फरकही पाहून ठेवावा.

हे तुकडे पूर्ण वाळल्यावर जमिनीवर आडवे ठेवून पाहावेत. उभे धरून पाहणे ही नेहमीची चूक आहे, कारण आडव्या फळीवर आकाशाचा प्रकाश पडतो आणि उभ्या तुकड्यावर समोरचा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी पाहावे. घराच्या आतून, खुर्चीत बसून आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतूनही पाहावे, कारण अनेक घरांत डेक सर्वांत जास्त तिथूनच दिसतो. रात्रीचे दिवे लावूनही पाहणे आवश्यक आहे. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा. दुपारचा सूर्यप्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, तर घरगुती उबदार दिवा २७०० केल्विनचा असतो. त्या पिवळ्या प्रकाशात निळसर राखाडी मळकट होतो आणि तांबूस तपकिरी खुलतो. शेवटी तुकड्यांवर पाणी ओतावे. ओले लाकूड गडद दिसते, कारण पाण्याचा थर बसला की पृष्ठभागावरून प्रकाश कमी विखुरला जातो. पावसात डेक कसा दिसणार याचे उत्तर तिथेच मिळते.

फळ्या लाकडाच्या नसून प्लास्टिक आणि लाकडाच्या भुशाच्या मिश्रणाच्या, म्हणजे कंपोझिटच्या असतील, तर नमुन्याची गरज आणखी वाढते. तिथे रंग कारखान्यातच ठरलेला असतो आणि तो बदलणे सोपे नसते. बोटभर लांबीच्या तुकड्यावर विसंबू नये. शिरांचा भास देणारी नक्षी किती अंतराने पुन्हा येते हे पूर्ण लांबीच्या दोन-तीन फळ्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. वरून संरक्षक आवरण नसलेल्या फळ्या सुरुवातीच्या काळात फिक्या पडतात, त्यामुळे अशा फळ्या घेताना काही महिने उन्हात राहिलेला तुकडा मागून पाहावा आणि निर्णय त्यावर घ्यावा.

रंग ठरला आणि काम सुरू झाले की सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करावेत, कारण दोन डब्यांतली छटा किंचित वेगळी असू शकते आणि तो फरक डेकच्या बरोबर मध्यावर उमटतो. फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रंगवावी. मध्येच थांबले तर जोडाची गडद रेघ राहते. थेट उन्हात काम करू नये, स्टेन मुरण्याआधीच वाळतो. काम संपल्यावर नमुन्याचा एक तुकडा छपराखाली कोरड्या जागी ठेवून द्यावा आणि त्याच्या पाठीवर छटेचे नाव, क्रमांक, किती हात दिले आणि तारीख लिहावी. दोन-तीन वर्षांनी डेक किती फिका पडला आणि पुन्हा एक हात देण्याची वेळ आली की नाही, हे तो तुकडा बाहेर आणून फळीशेजारी ठेवला की लगेच समजते.